रिकामा ठोका

९ जानेवारी

काका,

नमस्कार. बोटीच्या ऑफिसमार्फत पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. पाकिटावरच्या तिकिटातला पक्षी बाबांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि पाकीट उशीखाली सारून दिलं. तेव्हा ते तिकीट आता मला मिळायची आशा नाही.

इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येत मध्यंतरी बिघडली होती, आता उतार आहे. घसा बसलाय म्हणून फारसं बोलत नाहीत, एवढंच. मी कचेरीतून रजा घेतली आहे. नकाशे काय, माझ्यावाचूनही निघतात, पण आमचे साहेब म्हणतात की माझ्यासारखी सरळ रेघ दुसऱ्या कोणाची येत नाही, म्हणून माझी खुर्ची राखून ठेवली आहे.

त्रास एकच. शेजारच्या मोकळ्या जागेत इमारत उठते आहे आणि पायाचे खांब जमिनीत ठोकायला एक अवाढव्य यंत्र आणलंय. सकाळपासून फडताळातल्या कपबश्या थरथरतात. शेवटी मी जाऊन मुकादमाला सांगितलं, घरात आजारी माणूस आहे, दुपारी तरी बंद ठेवा. भला माणूस, कबूल झाला. आता दुपारी घर कसं शांत असतं.

एक विचारायचं होतं. बँडमध्ये तुला सगळे ‘आडठोक्या’ म्हणतात, ते तुझ्या आडव्या ठोक्यावरून ना? तो नेमका काय असतो? आणि गाण्याच्या लयीचा माणसाच्या बोलण्याशी काही संबंध असतो का? सहज विचारतेय.

तुझी
टकळी

२८ जानेवारी, बोटीवरून

टकळे,

तू सहज विचारतेस यावर माझा काडीचा विश्वास नाही. बोलायला लागल्यापासून तुझी टकळी चालू आहे आणि त्यातला एकही प्रश्न सहज नव्हता. पण विषय माझ्या आवडीचा काढलास, तेव्हा आता भोग.

हे बघ. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून आपण पाय टाकतो आणि एकदम जमीनच लागते. तेव्हा पोटात जे काही होतं ना, ते आडव्या ठोक्याने होतं. ठोका जिथे पडणार असं अंगाने धरलेलं असतं, तिथे तो पडत नाही. आधी पडतो, नंतर पडतो, नाहीतर पडतच नाही. मी दोन ठोके देतो आणि तिसरा, जो सगळ्यांत वजनदार असायला हवा, तो देतच नाही. काठी हवेत धरून ठेवतो. जेवून सुस्तावलेले प्रवासी, पट्टे सैल केलेले, नेमके त्या रिकाम्या जागेवर खुर्चीतून उठतात. इतकी वर्षं बघतोय, अजून अंगावर काटा येतो. मी जे वाजवतो त्यावर कोणी नाचत नाही, जे वाजवत नाही त्यावर नाचतात. आमचे बँडमास्तर म्हणतात, हा गृहस्थ न वाजवण्याचा पगार घेतो.

बोलण्याचंही तेच. घड्याळासारखे शब्द टाकत कोणी बोलत नाही. बोललाच तर तो फलाटावरचा कर्णा समजावा. ‘जेवायला येशील ना?’ असं विचारल्यावर ‘हो’ लगेच आलं तर माणूस येतो. तेच ‘हो’ श्वासभर उशिरा आलं, की समजावं, याच्यासाठी भांडं चढवायला नको. शब्द तोच, पण त्याची जागा सरकली की अर्थही सरकतो.

यावरून दादाची एक गोष्ट तुला सांगतो. मला मिसरूड फुटत होतं तेव्हाची. बँडबरोबर पहिल्यांदा परगावी जायचं होतं, म्हणून विचारायला कारखान्यात गेलो. दादा प्रेसवर डब्यांची झाकणं ठोकत होता. मी ओरडून विचारलं, ‘जाऊ का?’ त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, ‘जा.’ पण इतक्या उशिराने, की मला त्यात ‘जाऊ नकोस’च ऐकू आलं. मी पाठ फिरवली आणि गेलो. तेव्हापासून सुटीला येतो, राहतो, तो माझ्या आवडीनिवडी सांभाळतो, पण तो उशीर आमच्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेला असतो. दर वेळी ठरवतो की विचारायचं, आणि दर वेळी गप्पा हवापाण्यावर जातात. त्याचा घसा सुटला की तूच विचारून बघ ना. तुला तो खरं सांगेल.

त्याला गरम पाणी पाज. आणि घसा बसल्याने दादात फारसा फरक पडला नसेल, तो मुळातच शब्दांचा कंजूष.

काका

२० फेब्रुवारी

काका,

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. दाखवता आलं नाही.

घसा बसलेला नाही. डिसेंबरात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय हळूहळू ताळ्यावर येतोय, पण बोलणं पार गेलं. ऐकतात, सगळं समजतं, डोळ्यांनी हसतातसुद्धा. तोंडातून मात्र एक अक्षर निघत नाही. तुला कळवलं नाही, कारण तू भर समुद्रात, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू पोहत निघाला असतास. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं, उन्हाळा सरल्यावर फार आशा धरू नका.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणतात, बोलण्याचं घर मेंदूत एकीकडे आणि गाण्याचं दुसरीकडे असतं, तेव्हा पुढचं दार लागलं असेल तर मागच्या दाराने जाऊ या. बाबांच्या डाव्या हातावर मी टाळी द्यायची आणि प्रत्येक टाळीला बाबांनी एक अक्षर गाऊन म्हणायचं. म्हणून तुला ते सगळं विचारलं होतं.

पण जमत नाही, काका. माझा हात पडतो आणि त्यांचे ओठ घट्ट मिटतात. हात उचलला की ओठ हलायला लागतात, आणि तोवर मी पुढची टाळी दिलेली असते. दर वेळी उशीर होतो. मग ते माझ्याकडे असे बघतात, की जणू चूक त्यांची नसून माझीच आहे. आई असती तर तिला कळलं असतं. ती म्हणायची, यांना काही विचारलं की उत्तर उंबरठ्यावर थांबतं, पाय पुसतं आणि मग आत येतं.

तुझा प्रश्न मी विचारू शकत नाही. रागावू नकोस.

टकळी

१० मार्च, बोटीवरून

टकळे,

तुझं पत्र बंदरात हातात पडलं. त्या दिवशी मी कसं वाजवलं ते मला माहीत नाही. मागच्या पत्रातली ती शब्दांच्या कंजुषीची थट्टा मला परत घेता आली असती तर बरं झालं असतं.

मेअखेरपर्यंत माझा करार आहे. कप्तानांना भेटलो. ते भले आहेत, पण समुद्रात बोट वळवून देण्याइतके नाहीत.

मी रागावलो नाही. एवढंच सांगतो, लयीच्या बाबतीत माझं ऐक. त्याला उशीर होतोय, म्हणजे लय त्याच्या अंगात पोचत नाहीये. टाळी आणखी सावकाश दे आणि जोरात दे. प्रत्येक टाळी सारखी हवी, तुझ्या सरळ रेघेसारखी. घरात दुसरा आवाज नको. ठोका नीट कळला की कोणताही माणूस त्यावर येऊन उभा राहतो. हजार शिकाऊ पोरांना शिकवलंय मी, त्यात चूक व्हायची नाही.

दादाच्या उशीखालचं ते तिकीट राहू दे. सोबत आणखी दोन पाठवतोय, एक तुला.

काका

२ एप्रिल

काका,

तू सांगितलंस तसं केलं, आणि ते साफ फसलं. जितकी सावकाश टाळी, तितके बाबा जास्त गप्प. गेल्या आठवड्यात तर त्यांनी हातच काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे मी तुला कळवणार नव्हते.

पण काल जे झालं ते ऐक. मला अजून धड विश्वास बसत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी बाई आल्या होत्या. आम्ही दोघी दोन बाजूंना, बाबा मध्ये खुर्चीत. टाळ्या चालल्या होत्या, बाबा खिडकीबाहेर बघत होते. तेवढ्यात शेजारचं यंत्र सुरू झालं. मुकादम बदलला म्हणे, नव्याला दुपारच्या बोलीचा पत्ताच नव्हता. त्या यंत्राचा घण पडतो, खांबावरून उसळून पुन्हा एक लहान ठोका देतो, आणि मग वर चढेपर्यंत मध्ये जरा जागा जाते. धाड-धड, मग काही नाही. धाड-धड, काही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा उठले आणि खिडकी लावायला गेले.

मागून आवाज आला, ‘राहू.’

धाड-धड.

‘दे.’

काका, मी खिडकीची कडी धरून तशीच उभी राहिले. मागे वळायची भीती वाटली, की वळले तर झालेलं नाहीसं होईल. बाईंनीच विचारलं, काय म्हणालात? घण पडला, उसळला, आणि त्या रिकाम्या जागेत बाबा म्हणाले, ‘खिडकी.’ पुन्हा घण. ‘उघडी.’ पुन्हा घण. ‘राहू दे.’ त्यांचा आवाज खरखरीत झालाय, पण त्यांचाच आहे. माझ्या लहानपणीचा.

मग मी वेड्यासारखं सुचेल ते विचारत सुटले. चहा हवा का? ‘नको.’ पाय दुखतो का? ‘थोडा.’ मी कोण? यावर त्यांनी एक अख्खा ठोका जाऊ दिला, आणि पुढच्या जागेत म्हणाले, ‘टकळी.’

बाई खाली जमिनीवरच बसल्या होत्या, डोक्याला हात लावून, हसत. त्यांनी विचारलं, यांचं काम काय होतं? मी सांगितलं, सारी हयात प्रेसवर गेली. आणि बोलता बोलता आम्हा दोघींना एकदमच कळलं. प्रेस पडताना तोंड उघडून काय उपयोग, कोणाला ऐकू येणार? तिथे सगळे झाकण ओढून काढायच्या तेवढ्या फटीत बोलायचे. एक-दोन शब्द, की पुढचा ठोका. आणि मी त्यांना नेमकं ठोक्यावर बोलायला लावत होते! जिथे त्यांनी जन्मभर ओठ मिटले, तिथेच उघडा म्हणत होते. त्यांना उशीर होतच नव्हता. बाई म्हणाल्या, ‘यांचं बोलणं हरवलेलं नाही, ते आपल्या जागेची वाट बघत उभं आहे.’

आणि ते यंत्र मी जाऊन बंद करवलं होतं, काका. दुपारची शांतता मागून घेतली होती, आणि सकाळी खिडक्या लावून घेत होते.

टकळी

१६ एप्रिल

काका,

यंत्र गेलं. खांब ठोकून झाले, ट्रकवर चढवून घेऊन गेले. नव्या मुकादमाला मी म्हटलं, आणखी थोडे खांब ठोका ना. त्याने मला वेड लागलंय असं ठरवून पाणी प्यायला दिलं.

बाबा पुन्हा गप्प झालेत. मी लाकडी पाटीवर चमच्याने तसंच वाजवून बघते. दोन ठोके येतात, पण तिसरी जागा माझ्याच्याने मोकळी सोडवत नाही. हात आपोआप पडतो. मी पडू दिला नाही, तर मान हलते, आणि बाबांना ती हललेली कळते. ते हसतात, डोळ्यांनीच. ठोकणं सोपं आहे रे. न ठोकणं कसं करतात?

उन्हाळा अर्धा सरत आलाय.

टकळी

३ मे, बोटीवरून

टकळे,

तुझी दोन्ही पत्रं एकाच बंदरात मिळाली. आधी मी तोंडघशी पडलो, ते मान्य. सावकाश, सारखी, शांत घरात. तिन्ही उपाय उलटे सांगितले.

पण मला जे लिहायचंय ते वेगळंच आहे. पत्र वाचून संध्याकाळी वाजवायला बसलो. नेहमीचंच गाणं, नेहमीचा ठेका. दोन दिले, तिसऱ्याला काठी हवेत धरली. आणि त्या मोकळ्या जागेत मला दादाचा आवाज ऐकू आला. ‘भूक?’ पुन्हा दोन ठोके. ‘लागली?’ पुन्हा दोन. ‘थांब जरा.’

आई गेली तेव्हा मी अगदी लहान होतो. दादा मला शाळेतून थेट कारखान्यात घेऊन जायचा आणि प्रेसशेजारी पत्र्याच्या तुकड्यांच्या खोक्यावर बसवायचा. संध्याकाळपर्यंत मी तिथेच. प्रेस दोनदा पडायचा, एकदा कापायला, एकदा कड वळवायला. मग दादा झाकण ओढून काढायचा, आणि त्या तेवढ्या जागेत माझ्याशी बोलायचा. मला त्याने वाढवलं ते त्या जागेत वाढवलं, टकळे. गणित विचारलं तिथे, रागे भरला तिथे, आई परत येणार नाही हेही तिथेच सांगितलं. एकेक शब्द करून.

आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तो आडवा ठोका माझा आहे. लोक विचारायचे, कुठे शिकलात? मी ऐटीत म्हणायचो, उपजत आहे. उपजत कसला! मी तिसरा ठोका देत नाही, कारण तिथे दादा बोलत असतो. त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी हात आवरत आलो, आणि अनोळखी बंदरांतली अनोळखी माणसं त्याच्या बोलायच्या जागेवर नाचत आली. हे कळलं तेव्हा माझी काठी हातातून सुटली. ती घरंगळत बँडमास्तरांच्या पायापाशी गेली. मी उचलायला गेलो नाही. तसाच बसून राहिलो, आणि समोर लोक नाचतच होते.

तू विचारतेस, न ठोकणं कसं करतात. मलाही आजच कळलं. तिथे कोणीतरी बोलणार आहे असं धरायचं आणि त्याचं ऐकायचं.

मेअखेर उतरतोय. काठ्या घेऊन येतो.

काका

१८ जून

काका,

तू गेल्यावर घर ओकंओकं झालंय, आणि तरी गेल्या वर्षभरात नव्हता इतका आवाज घरात आहे. बाबा बोलतात. तू पाटीवर ठेका धरायचास आणि ते सुरू व्हायचे, ते दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही दोघं दुपारभर बसायचात, ठोका, शब्द, ठोका, शब्द, आणि खाली रस्त्यावरून जाणारी माणसं मान वर करून बघायची. पण खरी गंमत पुढे झाली. तू त्यांचा डावा हात धरून खुर्चीच्या दांड्यावर ठेका शिकवलास ना, तो आता त्यांचा झालाय. नुसतं बोट वाजतं. कधी तेही वाजत नाही, फक्त डोळे दोनदा मिटतात, आणि शब्द येतो. बाई त्यांच्या सगळ्या सोबतिणींना घेऊन आल्या होत्या. त्या सगळ्याजणी दारात चपला घालायचं विसरून उभ्या होत्या.

आता मुद्द्याचं. तू निघालास तेव्हाचं.

तू मला आधी म्हणाला होतास की मी एकदा विचारणार. मला वाटलं होतं, सगळं नीट उलगडून विचारशील. पण बॅग खांद्याला लावून तू दारात उभा राहिलास आणि एवढंच म्हणालास, ‘दादा, जाऊ का?’ बाबांचं बोट दांड्यावर दोनदा वाजलं. मग ते म्हणाले, ‘जा.’ उशिरा, नेहमीसारखं. तुझा चेहरा मी बघत होते. या वेळी तुला तो उशीर टोचला नाही. तू डोळे पुसलेस, हसलास, खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि तू जिना उतरून गेलास.

काका, बाबांचं बोट थांबलं नव्हतं.

ते पुन्हा दोनदा वाजलं, आणि बाबा म्हणाले, ‘आणि.’ पुन्हा दोनदा. ‘ये.’

मी धावत खिडकीशी गेले. टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती. हाक मारली, ती तुझ्यापर्यंत पोचली नाही.

मग मी परत येऊन त्यांच्या पायाशी बसले आणि तुझा प्रश्न मीच विचारला. तेव्हा कारखान्यात काका विचारायला आला होता, तेव्हाही हेच म्हणायचं होतं का?  बाबांनी दांड्यावर ठेका धरला, आणि एकेका जागेत एकेक शब्द ठेवला.

‘तो.’

‘थांबलाच.’

‘नाही.’

आणि हसले, काका. तोंडाने, आवाज करून.

टकळी

५ जुलै, बोटीवरून

टकळे,

पत्र मिळालं. डेकवर उभा राहून वाचलं, आणि मग घडी घालून खिशात ठेवायचं सोडून तसंच धरून उभा राहिलो. स्वयंपाकी येऊन विचारून गेला, घरी सगळं बरं आहे ना? मी ‘हो’ म्हणालो, पण इतक्या उशिरा की त्याला ते खरं वाटलं नसावं.

दोन वेळा मला पूर्ण वाक्य मिळत होतं आणि दोन्ही वेळा मी अर्ध्यातून निघून आलो. आडठोक्या म्हणवतो, आणि पुढच्या जागेपर्यंत मला थांबता आलं नाही.

संध्याकाळी वाजवताना तिसऱ्यावर काठी हवेत धरली. पुढच्या फेरीतही धरली. त्याच्या पुढच्या फेरीत मात्र हात उचललाच नाही, अख्खी फेरी रिकामी जाऊ दिली. बँडमास्तरांनी वळून बघितलं. नाचणाऱ्यांतलं एकही पाऊल चुकलं नाही.

दादाला सांग, ऐकू आलं. आणि हे त्याला सांगताना त्याचं बोट थांबेपर्यंत उठू नकोस.

येतो.

काका